मूळ इंजील कुठे गेली आणि तुमच्याकडे चार कशा? रूममेटच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

सलाम. तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू पुण्यात शिकतोस, रूममेट मुस्लिम आहे, पाच वेळचा नमाजी, चांगला मित्र. परवा जेवताना त्याने विचारलं की अल्लाहने ईसांना, म्हणजे येशूंना, एक इंजील दिली होती, मग तुमच्याकडे मत्तय, मार्क, लूक, योहान अशा चार कशा, आणि ती ओरिजिनल कुठे गेली? तुला उत्तर सुचलं नाही, नेटवर शोधलंस तर दोन्हीकडचे भांडणाचेच व्हिडिओ सापडले. शिवाय बर्नबासचं शुभवर्तमान म्हणून काहीतरी असतं ते खरं का, हेही विचारलंयस.

मी तीस वर्षं नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, शिकवतोय आणि त्यातली वीसेक वर्षं मुस्लिम मित्रांसोबत बसून दोन्ही ग्रंथ वाचतोय, त्यामुळे हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल ते मोजणं शक्य नाही. माझं म्हणणं एकच आहे, आणि ते आधी नीट धर, मग बाकीचं आपोआप जागेवर येतं: तुम्ही दोघं एकच शब्द वापरताय पण दोघांच्या मनातली वस्तू वेगळी आहे. तो विचारतोय एका पुस्तकाबद्दल, आणि तू उत्तर शोधतोयस तेही पुस्तकाबद्दलच, तिथेच तू घसरतोस, कारण ख्रिस्ती माणसाच्या लेखी शुभवर्तमान हे मुळात पुस्तकच नाही.

आधी त्याची बाजू समजून घे, त्याच्याच चष्म्यातून. कुरआनात इंजील हा शब्द 12 वेळा येतो आणि दर वेळी एकवचनीच येतो. मूसांना तौरात, दाऊदांना जबूर, ईसांना इंजील आणि शेवटी मुहम्मद पैगंबरांना कुरआन, अशी ती रांग आहे. देव वरून कलाम उतरवतो, पैगंबर तो लोकांपर्यंत पोहोचवतो. सूरह 5 (सूरह म्हणजे कुरआनातला अध्याय, आयत म्हणजे त्यातली ओळ) च्या 46 व्या आयतीत म्हटलंय की आम्ही ईसांना इंजील दिली, तिच्यात मार्गदर्शन आणि प्रकाश होता. सूरह 19 मध्ये तर पाळण्यातलं बाळ ईसा बोलतं, मी अल्लाहचा बंदा आहे, त्याने मला किताब दिली. म्हणजे इंजील ही ईसांना *दिलेली* गोष्ट आहे. त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेली नाही, त्यांच्यावर नाझिल झालेली, म्हणजे वरून उतरलेली. आता ह्या माणसाने आपलं शुभवर्तमान उघडलं तर त्याला काय दिसतं? येशू इथे गेला, तिथे गेला, ह्याला बरं केलं, त्याच्याशी बोलला, पकडला गेला, मारला गेला. ह्यात देवाने येशूला दिलेली किताब कुठेय? त्याला प्रामाणिकपणे वाटतं की हे तर चरित्र झालं, इंजील कुठाय? हा प्रश्न खोडसाळपणाचा नाहीये हे लक्षात ठेव. त्याच्या जागी तू असतास तर तूही हेच विचारलं असतंस.

आता आपली बाजू. मूळ ग्रीक शब्द युआंगेलियोन, अर्थ चांगली बातमी, आणि बातमी हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने नावाच्या जुन्या गावात इसवी सन पूर्व 9 सालचा एक शिलालेख सापडलाय, त्यात सम्राट ऑगस्टसचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी शुभवार्तांची सुरुवात अशा अर्थाचं लिहिलंय आणि शब्द हाच वापरलाय. लढाई जिंकली, राजा जन्मला, नवा राजा गादीवर बसला की दवंडी पिटायची, ती ही बातमी. त्या जगात राहणाऱ्या मार्कने पहिलंच वाक्य लिहिलं, येशू ख्रिस्ताच्या सुवार्तेचा प्रारंभ, तेव्हा ऐकणाऱ्याला बरोबर कळलं असणार की हा माणूस कुठल्यातरी दुसऱ्याच राजाची दवंडी पिटतोय. ह्याच्याही आधीची मुळं यशयाच्या पुस्तकात आहेत, 52 व्या अध्यायात, डोंगरावरून शुभवार्ता घेऊन येणाऱ्याचे पाय किती सुंदर, ते. तिथला हिब्रू धातू आणि अरबीतला बशारतचा धातू एकाच घराण्यातले. तुमच्या वर्गात एखादा बशीर असेल तर त्याच्या नावाचा अर्थ शुभवार्ता आणणारा असा होतो, बघ विचारून. कुरआनातही सूरह 61 मध्ये ईसा बशारत देतात, पण ती त्यांच्यानंतर येणाऱ्या अहमद नावाच्या पैगंबराची. म्हणजे मुस्लिम समजुतीत ईसांची शुभवार्ता पुढे बोट दाखवते, आपल्याकडे ती येशूपाशीच येऊन थांबते. ह्यावर मी स्वतः फार उशिरा लक्ष दिलं आणि आता शिकवताना पहिल्याच तासाला सांगतो.

येशूचा प्रेषित पौल ह्याची पत्रं चारही शुभवर्तमानांच्या आधीची, साधारण इसवी सन 50 च्या दशकातली. त्यात तो करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो की मी तुम्हाला जी सुवार्ता सांगितली ती ही, ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय, वाचून घे. तेव्हा मत्तय मार्क लूक योहान हातात नव्हते तरी सुवार्ता होती, लोक तिच्यावर विश्वास ठेवत होते, तिच्यासाठी मार खात होते. पुस्तकं नंतर आली, बातमी आधी. म्हणून चार इंजील हा शब्दप्रयोगच आपल्या दृष्टीने चुकतो. बातमी एकच, ती सांगणारे चौघं.

आणि इथे आपल्या मराठी बायबलने थोडी पंचाईत करून ठेवलीय. एकदा एका मुस्लिम मित्राने माझं बायबल हातात घेतलं, अनुक्रमणिका उघडली आणि बोट ठेवलं, मत्तयकृत शुभवर्तमान. म्हणाला, सर, कृत म्हणजे केलेलं ना? मोरोपंतकृत म्हणतो तसं? मग हे तुम्हीच लिहून ठेवलंय की मत्तयने केलंय, देवाचं कसं? मला पटकन उत्तर देता आलं नाही कारण मराठी वाचकाला तो अर्थ अगदी बरोबरच लागतो. घरी येऊन ग्रीक शीर्षक पुन्हा बघितलं, तिथे शब्द आहे काता, म्हणजे च्या प्रमाणे, च्या सांगण्यानुसार. मत्तयच्या सांगण्याप्रमाणे शुभवर्तमान. रचणारा मत्तय नाही, सांगणारा मत्तय. एवढ्याशा कृतमध्ये किती गैरसमज भरलाय बघ. उर्दूत वेगळाच घोळ, तिथे आख्ख्या नव्या कराराला, सगळ्या 27 पुस्तकांना, इंजील म्हणायची रीत आहे, त्यामुळे रूममेटने कुठे उर्दू इंजील उघडली आणि त्यात पौलाची पत्रं निघाली तर त्याचा गोंधळ वाढणार, कमी नाही होणार. गोव्यात कोकणी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वांजेल म्हणतात, तो पोर्तुगीजातून आलेला तोच ग्रीक शब्द, आणि अरबी इंजीलसुद्धा त्याच ग्रीक शब्दाचं, बहुतेक इथिओपियातल्या वंगेलमधून आलेलं रूप मानतात. वांजेल, वंगेल, इंजील, मोठ्याने म्हणून बघ.

आता पुस्तक म्हणजे काय ह्याबद्दलच दोघांची कल्पना वेगळी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. मुस्लिमाच्या लेखी कुरआन हा देवाचा शब्द, अक्षर न् अक्षर. म्हणून तो अरबीतच पढायचा, मराठीतलं भाषांतर हे अर्थ समजायला असतं, नमाजात ते चालत नाही. ख्रिस्ती माणसाला विचार की देवाचा शब्द कोण, तर योहान पहिल्याच अध्यायात सांगतो, शब्द देही झाला. म्हणजे आपल्याकडे देवाचा शब्द आधी एक माणूस आहे, पुस्तक नंतर. गंमत म्हणजे कुरआनातही सूरह 4 च्या 171 व्या आयतीत ईसांना अल्लाहचा कलिमा, म्हणजे शब्द, म्हटलंय, त्याचा अर्थ मात्र मुस्लिम वेगळा लावतात, देवाने ‘हो’, म्हणजे अस्तित्वात ये, म्हटलं आणि ते जन्मले असा. तेव्हा तुलना करायचीच तर कुरआनाची बायबलशी नाही, कुरआनाची येशूशी करावी लागते, दोन्हीकडे तिथेच देव बोललाय. आणि आपली चार शुभवर्तमानं मुस्लिम मित्राला ओळखीच्या कशाजवळ जाणारी वाटतील तर सीरत (पैगंबरांचं चरित्र) आणि हदीस (त्यांच्या बोलण्यावागण्याच्या आठवणी) ह्यांच्या जवळ. हे पूर्ण जुळत नाही, आपण शुभवर्तमानांना प्रेरित शास्त्र मानतो, पण समजवायला सुरुवात म्हणून उपयोगी पडतं.

लूक तर लपवतच नाही. पहिल्या चार ओळींत लिहितो की बऱ्याच जणांनी ह्या गोष्टी लिहायचा प्रयत्न केला, मीही सुरुवातीपासून सगळं बारकाईने शोधून नीट क्रमाने लिहितोय. जिब्राईल देवदूताने येऊन कानात सांगितलं असा दावा तो करत नाही आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही. येशू बोलायचा अरामाईक, शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. म्हणजे येशूचे शब्द आपल्याला मिळाले तेच मुळी भाषांतर होऊन. मार्क मधेमधे मूळ आवाज ठेवतो, मेलेल्या मुलीचा हात धरून येशू म्हणतो तलीथा कूम, आणि मार्क लगेच अर्थ देतो, मुली, तुला सांगतो, ऊठ. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, ती हे वाक्य नगरकडच्या बोलीत सांगायची, पोरी ऊठ गं, आणि ते आमच्या घरात पूर्ण शुभवर्तमान होतं, त्यात काही कमी पडलं असं कुणाला वाटलं नाही. मत्तयचं मराठी शुभवर्तमान 1805 मध्ये सेरामपूरला छापलं गेलं, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू ग्रीकवरून साध्या मराठीत अख्खं बायबल आणलं, ते त्या गेल्यावर 1924 मध्ये बाहेर आलं, ही सगळी खटपट ह्या समजुतीतून होते की बातमी ज्याच्या त्याच्या भाषेत पोहोचली तरच ती बातमी. मुस्लिम मित्राला हे कळलं की त्याच्या ओरिजिनल कुठेय ह्या प्रश्नाचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

तरी तहरीफचा मुद्दा येणारच, म्हणजे तुम्ही ग्रंथात फेरफार केला हा. हा सगळ्या मुस्लिमांचा एकच ठराविक आरोप आहे असं समजू नकोस. कुरआनात दोन्ही प्रकारच्या आयती आहेत. 5:47 म्हणते इंजीलवाल्यांनी इंजीलीत अल्लाहने जे उतरवलंय त्याप्रमाणे निवाडा करावा, 10:94 म्हणते शंका असेल तर तुझ्या आधीपासून किताब वाचणाऱ्यांना विचार. आणि दुसरीकडे 2:79 स्वतःच्या हाताने लिहून हे अल्लाहकडून आहे म्हणणाऱ्यांचा धिक्कार करते, 5:13 शब्द जागचे हलवणाऱ्यांबद्दल बोलते. त्यामुळे आलिमांमध्येही, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांमध्येही, दोन मतं राहिली, काही म्हणाले शब्द तेच आहेत पण अर्थ वाकवला, काही म्हणाले शब्दच बदलले. दुसरं मत अकराव्या शतकात कोर्दोबाच्या इब्न हज्मने फार जोरात मांडलं. आपल्याकडे एप्रिल 1854 मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी फँडर ह्यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला, कैरानवींनी युरोपातल्याच ख्रिस्ती अभ्यासकांची पुस्तकं वापरून फँडरला अडचणीत आणलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत सर सय्यद अहमद खान ह्यांनी बायबलवर भाष्य लिहिलं आणि मुख्यतः अर्थाचा विपर्यास झालाय असं मत मांडलं. एकाच काळातले, एकाच देशातले दोन मुस्लिम विद्वान, मतं वेगळी.

आपणही सरळ असावं. सिनाई आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्कच्या शेवटच्या 12 ओवी नाहीत, योहानातली व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्टही नाही. हे कुणी शोधून उघडं पाडलेलं गुपित नाही, बऱ्याच बायबलांत तिथे तशी टीप असते, रूममेटने दाखवली तर बावचळू नकोस. पण ही हस्तलिखितं इस्लामच्या उदयाच्या दोनशेहून जास्त वर्षं आधीची आहेत आणि त्यात येशूचं मरण आणि उठणं आहेच, तेव्हा कुरआनाच्या काळात ख्रिस्ती लोकांच्या हातात जे होतं ते साधारण आज आहे तेच होतं, एवढं ठामपणे म्हणता येतं. एक धागा मात्र खरोखर रोचक आहे. 170 च्या सुमारास तातियान नावाच्या माणसाने चारही शुभवर्तमानं विणून एक सलग पुस्तक केलं आणि सिरियाकडच्या चर्चमध्ये पाचव्या शतकापर्यंत तेच वाचलं जायचं, थिओडोरेट नावाच्या बिशपने आपल्या भागातल्या त्याच्या 200 हून जास्त प्रती काढून घेतल्या. अरबस्तानाच्या शेजारी एकच सलग शुभवर्तमान वाचायची अशी सवय होती, कुरआनातल्या एकवचनाशी त्याचा संबंध असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. मुस्लिम श्रद्धेला हे स्पष्टीकरण पटायचं कारण नाही, कारण त्यांच्यासाठी एकवचन देवाने दिलंय, पण तुला माहीत असू दे.

हे हस्तलिखितांचं सगळं तोंडपाठ करून मी तरुणपणी एका मित्राशी वाद घातला होता. दोन तास. त्याच्याकडे उत्तर उरलं नाही आणि तो निघून गेला, पुन्हा कधी आला नाही, त्याच्या बहिणीच्या लग्नाचं बोलावणंही आलं नाही. मला अजून ते टोचतं. कारण ज्याच्यावर बोलायला हवं होतं तिथे आम्ही पोहोचलोच नाही.

ते म्हणजे क्रूस. सूरह 4:157 म्हणते त्यांनी ईसांना मारलं नाही, क्रुसावरही दिलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं. मुस्लिम मनाला हे देवाच्या न्यायाचं आणि आपल्या पैगंबराच्या इज्जतीचं रक्षण वाटतं, देव आपल्या लाडक्या रसूलाला असं मरू देईल कसा? आणि आपल्यासाठी नेमकं तेच मरण म्हणजे बातमी. ते काढलं तर शुभवर्तमानात चांगली शिकवण उरते, चमत्कार उरतात, शुभवर्तमान उरत नाही. हा फरक कागदांच्या जुनेपणाने मिटणारा नाही. उद्या येशूच्या काळातलं हस्तलिखित सापडलं तरी तो म्हणेल इंजील ही नव्हे, आणि तू म्हणशील हीच. हे मित्राला सरळ सांग, प्रेमाने सांग, पण गुळमुळीत करून सांगू नकोस. आपलं सगळं एकच आहे असं म्हटलं तर त्याला ते खोटं वाटेल आणि ते खोटंच असेल.

पण जिथे खरंच जवळ आहोत ते वाचायलाही विसरू नका. सूरह 48 च्या शेवटच्या आयतीत इंजीलीतली एक उपमा सांगितलीय, एक बी, त्याला शत्अ फुटतो, तो बळकट होतो, जाड होतो, आपल्या देठावर उभा राहतो आणि पेरणाऱ्यांना आनंद देतो. आमच्या वाचनाला बीडकडचे एक रिटायर्ड उर्दू मास्तर यायचे, घरची शेती. मराठी भाषांतरात शत्अला अंकुर लिहिलेलं होतं. ते म्हणाले अंकुर नाही हो, हा फुटवा. बी उगवल्यावर बुडातून बाजूला जे कोंब निघतात ना, गव्हाला येतात ते, फुटवे फुटले की शेतकऱ्याला कळतं पीक धरणार. मग मी मार्कचा 4 था अध्याय काढला, 26 व्या ओवीपासून, माणूस बी टाकतो, रात्री झोपतो सकाळी उठतो, बी कसं रुजतं ते त्याला कळतही नाही, जमीन आपोआप पीक देते, आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मास्तरांनी ते दोनदा वाचायला लावलं. म्हणाले हा आपोआप शब्द भारी आहे, पेरणारा झोपलाय आणि देव जागा आहे. त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही, सगळे शेतीवरच बोलत बसले, आणि मला वाटतं त्या वर्षातला आमचा सगळ्यात चांगला दिवस तोच होता. सुईच्या नेढ्यातून उंट जायची उपमाही दोन्हीकडे आहे, कुरआनात 7:40, मार्कमध्ये 10:25, संदर्भ वेगळे, तेही वाचा.

बर्नबासचं थोडक्यात सांगतो कारण त्यात फार दम नाही. त्याचं इटालियन हस्तलिखित व्हिएन्नामध्ये आहे, सोळाव्या शतकाच्या आसपासचं, 1907 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि तिथून ते उर्दूत आणि आपल्याकडे पसरलं. त्यात येशू होडीत बसून नासरेथला जातो, नासरेथ डोंगरात आहे, तिथे होडी जाईल असं पाणीच नाही. त्यात दर शंभर वर्षांनी येणारं ज्युबिली वर्ष आहे, यहुदी शास्त्रात ते 50 वर्षांनी येतं आणि शंभरचा नियम पोपने 1300 साली केला. तेव्हा ही पहिल्या शतकातली इंजील नव्हे, आणि बरेच मुस्लिम अभ्यासकही आता तिचा आधार घेत नाहीत. रूममेटने काढलं तर एवढं सांगून पुढे जा, त्यावरून त्याला हरवायला जाऊ नकोस.

तर उत्तर काय द्यायचं? त्याला म्हण, तू इंजील म्हणतोस ती ईसांना मिळालेली किताब, मी शुभवर्तमान म्हणतो ती येशूमध्ये जे घडलं त्याची बातमी, तू म्हणतोस तशी किताब आमच्याकडे होती आणि हरवली असं आम्ही मानतच नाही. मग त्याला ती 48 वी सूरह अरबीत मोठ्याने पढायला सांग, तू नुसतं ऐक, त्याच्यानंतर तू मार्क 4 वाच. त्याच्यासमोर येशूंचा उल्लेख आदराने कर, तो अलैहिस्सलाम (त्यांच्यावर शांती असो) म्हणतो तेव्हा मधे बोलू नकोस. आणि तुझ्या बायबलमध्ये पेनाने रेघा मारलेल्या असतील, मागच्या पानावर फोन नंबर लिहिलेले असतील तर दुसरी कोरी प्रत घे. कुरआन तो वुजू करून, म्हणजे हातपाय तोंड धुऊन, रिहालवर (लाकडी घडीच्या स्टँडवर) ठेवून उघडतो, आपण आपला ग्रंथ पलंगावर, कधी फरशीवर सोडतो ते बघून त्याला वाटतं की ह्यांना स्वतःलाच ह्याची किंमत नाही. हॉस्टेलच्या रूमवर टेबल रिकामं नसेल तर उशीवर ठेव.